बसेल का?

दिवाळीची साफसफाई माळ्यावरून सुरू होते आणि गॅलरीत येऊन अडते. गॅलरीत जुनी सायकल असते. दसऱ्याला घरात नवी माउंटन बाइक आलेली असते, झेंडूचा हार वाळला तरी तिच्या हँडलवरून उतरलेला नसतो. तिला हॉलमध्ये भिंतीशी मानाची जागा मिळते आणि आधीची दहा-बारा वर्षांची सोबतीण कपड्यांच्या दोरीखाली, हँडलवर ओला टॉवेल घेऊन उभी राहते. ‘‘ही काढणार आहेस ना?’’ असं घरातलं कुणी ना कुणी विचारतंच.

मग मोबाइलवर फोटो निघतात. ओएलएक्सवर, सायकलवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर किंमत पडते आणि विकणाऱ्याला पहिला धक्का बसतो. जिच्यावर सिंहगडाचा घाट चढला, जिच्या टायरला तळजाईपासून बोपदेवपर्यंतची सगळी माती लागली, तिला येणारे आकडे ऐकून भंगारवाला परवडला असं वाटू लागतं. अशा वेळी ग्रुपमधला एखादा मुरलेला गडी दोनच वाक्यं लिहितो : ‘‘अख्खी विकू नका. सुटी करा.’’

जुन्या सायकलीचं सगळं अर्थशास्त्र या दोन वाक्यांत आहे. अख्खी जुनी सायकल घ्यायला येणारा माणूस तिची तुलना नव्या सायकलीशी करतो. दुकानात ऑफर आहे, वॉरंटी आहे, हप्ते आहेत. मग जुनी घ्यायची तर ती मातीमोलच मिळायला हवी. सुटा भाग घ्यायला येणाऱ्याचं तसं नसतं. त्याची सायकल आज उभी आहे. पडताना ब्रेकचा लिव्हर मोडलाय, तसाच नवा शोधायचा तर दुकानदार अख्खा सेट घ्या म्हणतो. तो भाव लावतो तो स्वतःच्या अडचणीला. अडलेला माणूस पैसे काढतो. फक्त त्याआधी एक प्रश्न विचारतो. भागाची स्थिती, बिल, किंमत हे सगळं त्या प्रश्नाच्या मागून येतं : ‘‘बसेल का?’’

०००

या लेखापुरती एक सायकल गृहीत धरू. २०१२ च्या आसपासची, ॲल्युमिनियमच्या फ्रेमची. चाकं २६ इंची. पुढे १०० मि.मी. दबणारं सस्पेन्शन, मागे काहीच नाही, म्हणजे स्वारांच्या भाषेत हार्डटेल. पुढे तीन चक्रं, मागे नऊ, एकूण २७ गिअर. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक. त्या काळी अशी सायकल सोसायटीच्या पार्किंगमध्ये आली की वॉचमनसुद्धा एक चक्कर मारून बघायचा. आणि तिच्या जागी आलेली नवी : २९ इंची चाकं, पुढे एकच चक्र, मागे बारा.

पहिला मोह असा होतो, की जुनीचे चांगले भाग काढून नवीला लावावेत. पाना हातात घेतल्यावर दहा मिनिटांत तो मोह ओसरतो. जुनीच्या मागच्या चाकाचा हब १३५ मि.मी. रुंद, नवीच्या फ्रेममधली जागा १४८. जुनीचं पुढचं चाक ९ मि.मी.च्या क्विक रिलीजवर बसतं, नवीला १५ मि.मी. जाडीचा आरपार जाणारा ॲक्सल लागतो. जुनीच्या चिमट्याची वरची नळी खालपासून वरपर्यंत सव्वा इंचापेक्षा थोडी कमी, एकाच जाडीची. नवीची खाली दीड इंच आणि वर निमुळती. सीटखालचा दांडा जुनीत २७.२ मि.मी., नवीत ३१.६. जुना बारीक दांडा मधे बाही घालून नव्या फ्रेममध्ये निदान उभा तरी करता येतो; जाड दांडा बारीक नळीत घालण्याचा उपाय कुणाकडे नाही. हँडलचं मधलं जाडपण वेगळं, म्हणून त्याला धरणारा स्टेमही वेगळा. शिवाय त्या काळच्या हँडलची रुंदी आजच्या स्वाराला इतकी कमी वाटते, की त्याला ते लहान मुलाच्या सायकलचं वाटतं.

या सगळ्या गोतावळ्यात पेडल मात्र बिनतक्रार चालतं. ९/१६ इंचाची आट्यांची वीण जवळजवळ साऱ्या मोठ्या सायकलींना सारखी आहे, डावं उलट्या आट्यांचं आणि उजवं सुलट्या. सीटचंही तसंच. तिच्या खालच्या ७ मि.मी.च्या दोन दांड्या कुठल्याही क्लॅम्पमध्ये धरल्या जातात. म्हणूनच जुनी सायकल सुटी करणाऱ्याकडून पेडल आणि सीट पहिल्या दोन दिवसांत जातात. ते सर्वांत भारी भाग असतात म्हणून नव्हे. त्यांच्याबाबतीत तो प्रश्नच कुणाला विचारावा लागत नाही.

त्यानंतर गाडी अडते ती पुढच्या सस्पेन्शनवर, फोर्कवर. नव्या सायकलीच्या किमतीतला मोठा हिस्सा खाणारा हा भाग, त्यामुळे विकणाऱ्याच्या अपेक्षाही तिथेच सर्वांत उंच. पण फोर्क विकत घेताना त्याच्या दबण्याच्या लांबीइतकीच एक गोष्ट मोजावी लागते. वरची नळी किती शिल्लक आहे? कारखान्यातून येताना ती लांबलचक असते. दुकानातला मेकॅनिक ती पहिल्या फ्रेमच्या मापाने हॅकसॉ ब्लेडने कापतो. एकदा कापली की वाढत नाही. आपल्या गृहीत सायकलीवर ती १७० मि.मी. उरली आहे असं धरलं, तर ज्याच्या फ्रेमचं डोकं उंच आहे आणि ज्याला १९० लागते, त्याच्या दृष्टीने तो फोर्क निकामी. २० मि.मी. म्हणजे बोटाची दोन पेरंसुद्धा नाहीत. तेवढ्यासाठी सौदा मोडतो. जाहिरातीत ‘फोर्क, उत्तम स्थिती’ एवढंच लिहिणाऱ्याला दिवसभर एकाच प्रश्नाचे मेसेज येत राहतात, आणि शेवटी तो वैतागून टेप घेऊन बसतो.

०००

गंमत अशी, की माउंटन बाइक नावाची वस्तूच मुळात भंगारातून जन्मली.

१९७० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत, माउंट टॅमलपायसच्या उतारांवर काही तरुण जुन्या सायकली घेऊन जात. त्यांतले अनेक जण एरवी बारीक टायरच्या रेसिंग सायकली चालवणारे. डोंगरावर मात्र त्यांना हव्या होत्या १९३०-४० च्या दशकातल्या जाडजूड श्विन सायकली, विशेषतः ‘एक्सेलसियर’ फ्रेमच्या. एकेकाळी त्या पेपर टाकणाऱ्या पोरांच्या होत्या. आता अडगळीत, भंगाराच्या दुकानांत चिल्लर पैशांत मिळत. त्यांना या मंडळींनी नाव दिलं ‘क्लंकर’. आपल्याकडे ‘खटारा’ म्हणतात तसं.

खटाऱ्यावर मग एकेक ठिगळ चढू लागलं. मोटारसायकलचं हँडल आलं, मोटारसायकलचेच ब्रेक लिव्हर आले, टूरिंग सायकलींचे गिअर आले. १ डिसेंबर १९७४ रोजी मरिनमधल्या एका सायक्लोक्रॉस शर्यतीत क्युपर्टिनो गावची ‘मॉरो डर्ट क्लब’ची पोरं जाड टायरच्या सायकलींना गिअर लावून उतरली, आणि मरिनवाल्यांनी ती कल्पना बघून ठेवली. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्सजवळच्या कॅस्केड फायर रोडवर या खटाऱ्यांची उतारावरची पहिली शर्यत झाली. दोन मैलांच्या जरा वर अंतरात १३०० फूट उतार. पेडल उलटं दाबलं की लागणारा मागचा ब्रेक इतका तापायचा, की हबमधलं ग्रीस जळून धूर निघे, आणि प्रत्येक फेरीनंतर हब उघडून नवं ग्रीस भरावं लागे. ‘रीपॅक’ हे त्या रस्त्याचं नाव तिथून पडलं. गॅरी फिशरने तो उतार ४ मिनिटं २२ सेकंदांत उतरल्याचा विक्रम नोंदलेला आहे. जो ब्रीझ त्याच्या दोन सेकंद मागे.

याच जो ब्रीझने १९७७ साली डोंगरासाठी मुद्दाम घडवलेली फ्रेम तयार केली आणि तिला कोरे करकरीत भाग लावले. पुढे १९७९ मध्ये फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिचीने बनवलेल्या फ्रेम विकायला ‘माउंटनबाइक्स’ नावाची कंपनी काढली. १९८१ मध्ये माइक सिनयार्डच्या स्पेशलाइज्डने ‘स्टम्पजम्पर’ मोठ्या प्रमाणावर बाजारात आणली. हा सिनयार्डही सुट्या भागांतूनच वर आलेला. १९७४ मध्ये आपली फोक्सवॅगन व्हॅन विकून त्याने इटलीतून सायकलचे भाग आणून विकायला सुरुवात केली होती.

या कहाणीतला एक तपशील आपल्या गॅलरीतल्या सायकलीला थेट भिडतो. माउंटन बाइकची चाकं २६ इंची का झाली? डोंगरासाठी तेच माप उत्तम, असं कुणा इंजिनिअरने गणित मांडून ठरवलं नव्हतं. श्विनने १९३३ मध्ये मुलांच्या सायकलींसाठी २६ इंची फुगीर टायर बाजारात आणले. चाळीस वर्षांनी भंगारात ज्या फ्रेम, जी रिम आणि जे टायर मिळत होते ते त्याच मापाचे होते. जे मिळालं ते बसवलं, जे बसलं ते चाललं, आणि चाललं ते जगभरचं माप होऊन बसलं.

०००

ऐंशी वर्षं राज्य केलेलं हे माप दोन-तीन वर्षांत गेलं. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या माउंटन बाइक शर्यतीत सुवर्ण घेणारा चेक स्वार यारोस्लाव्ह कुल्हावी २९ इंची चाकांवर होता आणि रौप्य घेणारा स्विस निनो शुर्टर साडेसत्तावीस इंचीवर. मोठं चाक दगडावरून सहज जातं, खड्ड्यात कमी पडतं, हे खरं आहे. त्यात कुणी कुणाला फसवलेलं नाही. पण २०१४ पर्यंत मोठ्या कंपन्यांच्या पुस्तिकांतून २६ इंची चांगली माउंटन बाइक जवळजवळ नाहीशी झाली, आणि जगभरच्या गॅरेजांतली लाखो चाकं, टायर, फोर्क एका हंगामात म्हातारे झाले. चालत होते तसेच चालत होते. फक्त ते घेऊन नवीन काही बांधता येईना.

मागोमाग हबची रुंदी हलली. आधी १३५ ची १४२ झाली, मग सायकली बनवणारी ट्रेक आणि सुटे भाग बनवणारी स्रॅम यांनी २०१५ च्या मॉडेलबरोबर ‘बूस्ट’ नावाचं १४८ मि.मी.चं माप आणलं. कारण समजावून सांगितलं तर पटतं : २९ इंची चाकाचे आरे लांब, म्हणून चाक लवचिक, हबच्या दोन्ही कडा तीन-तीन मि.मी. बाहेर ढकलल्या की आरे जास्त तिरके बसतात आणि चाक ताठ होतं. मान्य. पण त्या सहा मि.मी.पायी आदल्या वर्षी घेतलेली महागडी चाकजोडी यंदाच्या फ्रेमला पोरकी झाली, हेही तितकंच मान्य करायला हवं. पुढे १५७ चं ‘सुपर बूस्ट’ आलं, तेव्हा अनुभवी स्वारांनी फक्त कपाळाला हात लावला.

मागच्या दातेरी चक्रांची, कॅसेटची गोष्ट तशीच. सुटे भाग बनवणाऱ्या शिमानो कंपनीच्या जुन्या हबवर सर्वांत लहान चक्र ११ दात्यांचं बसे. स्रॅमने २०१२ मध्ये १० दात्यांसाठी हबचं अंगच बदललं. शिमानोने २०१८ मध्ये स्वतःचं तिसरं अंग आणलं. एकच चाक, एकाच रंगाचं, एकाच कंपनीचं. पण त्याच्या हबवर तीनपैकी कुठलं अंग आहे हे सांगितल्याशिवाय त्याला गिऱ्हाईक नाही. आपल्या गृहीत सायकलीच्या बाबतीत मात्र यात एक दिलासा आहे. शिमानोच्या माउंटन बाइकच्या सात, आठ आणि नऊ गिअरच्या मागच्या डिरेलरना, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागांना, वायर ओढण्याचं प्रमाण सारखं होतं. दहापासून ते बदललं. त्यामुळे चांगल्या प्रतीचा नऊचा डिरेलर सातच्या सायकललाही चालतो, आठच्याही. लेह-स्पितीला सामान लादून निघणारे, ज्यांना ‘वाटेत कुठल्याही गावात दुरुस्त होईल’ असंच काही हवं असतं, ते आजही नऊचा जुना पण निगुतीने वापरलेला सेट शोधत असतात. पुढची तीन चक्रं नव्या पिढीने अडगळ म्हणून काढली. खारदुंग ला चढणाऱ्याला त्यातलं २२ दात्यांचं सर्वांत लहान चक्र देवासारखं भेटतं.

०००

हे सगळं आपल्याकडच्या जुन्या मेकॅनिकला सांगितलं तर तो हसतो. त्याचं आयुष्य काळ्या सायकलीत गेलं. हिरो असो, ॲटलास असो की एव्हन. लुधियाना-सोनिपतहून येणाऱ्या त्या २८ इंची सायकलींचं टायर एकच, २८ गुणिले दीड. चेन एकच. चिमटा, आरे, कॉटर पिन, छर्रे, वायसर. पत्र्याच्या डब्यात सगळ्या कंपन्या एकत्र नांदत. पुण्यात सायकलला पितळी बिल्ला लावून कर भरावा लागे त्या काळापासून हा डबा चालत आला आहे. ‘‘आऊट काढून दे’’, ‘‘ओव्हरऑइलिंग करायचंय’’ एवढ्यावर काम भागे. सायकलचं वर्ष आणि मॉडेल त्याने कधी कुणाला विचारलं नाही. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी पथारीवर पडलेला पायडल कुणीही उचलावा आणि घरी नेऊन लावावा.

मग ‘रेंजर’ आली. हिरोच्या त्या एका मॉडेलच्या नावाने महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत जाड टायरच्या, सरळ हँडलच्या सगळ्याच सायकली ओळखल्या जाऊ लागल्या. तिचाही डबा बराचसा जुन्याच डब्यातून भरे. खरी फाटाफूट झाली ती परदेशी सायकली शहरांत आल्यावर. २००५ मध्ये फायरफॉक्स सुरू झाली, मग ट्रेक, जायंट, स्कॉट, मेरिडा, आणि मोठ्या मॉलसारख्या दालनातून रॉकरायडर. त्यांचे भाग पत्र्याच्या डब्यात सापडत नाहीत.

तरी जुन्याची एक खूण या नव्या जगात टिकून आहे, आणि तिचं नाव आपल्याला अनोळखी नाही. पेडलच्या दांड्याचे छर्रे जिथे बसतात त्या नळीच्या आट्यांचं इंग्लंडमधलं जुनं माप ‘बीएसए’ म्हणून ओळखलं जातं. बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, म्हणजे मूळचा बंदुकांचा कारखाना. आपल्याकडच्या दोन पिढ्यांतल्या मुली कॉलेजला ज्या बीएसए लेडीबर्डवर गेल्या, तिचं नावही तिथूनच आलेलं. २००० नंतर कंपन्यांनी आट्या काढून छर्ऱ्यांचे वाडगे नुसते दाबून बसवायची नवनवी मापं आणली. ती कुरकुरू लागली. चढावर एकेका पायाबरोबर ‘कुर्र, कुर्र’ ऐकून वैतागलेल्या स्वारांनी इतका बोभाटा केला, की अनेक कंपन्या मुकाट्याने पुन्हा आट्यांच्या मापावर आल्या. शंभर वर्षांच्या मापाने नव्याला हरवल्याचं उदाहरण सायकलच्या जगात विरळा.

०००

बसणार हे ठरलं, की मग चालणार का, हा प्रश्न. इथे विकणारा आणि घेणारा दोघंही थोडे वकील, थोडे डॉक्टर होतात.

चेन मोजायला शाळकरी फूटपट्टी पुरते. चेनचा एक पूर्ण जोड एक इंचाचा असतो, म्हणजे बारा जोड बरोबर बारा इंच. शेवटची पिन बारा इंचांच्या खुणेच्या १/१६ इंच पुढे गेली असेल तर चेन संपली. १/८ इंच पुढे गेली असेल तर बहुधा ती आपल्याबरोबर कॅसेटचे दातेही घेऊन गेली. ब्रेकच्या चकतीला व्हर्नियर लावतात. अनेक चकत्यांवर किमान जाडी कोरलेलीच असते, पुष्कळदा १.५ मि.मी. फोर्कच्या चकचकीत नळ्यांवरून नख फिरवतात. नख अडकलं तर तिथून तेल गळणार. फोर्कचा खालचा भाग साधारण ५० तासांच्या वापरानंतर उघडून तेल बदलावं असं कंपन्या सांगतात. दर रविवारी चार तास चालवणाऱ्याचा हा हिशेब तीन महिन्यांत भरतो. आपल्याकडचे बहुतेक फोर्क मात्र पहिल्यांदा उघडतात ते विकताना, आणि आतून निघतं ते तेल चहाच्या रंगाचं.

ब्रेकमधलं तेलही विचारून घ्यावं लागतं. शिमानोच्या ब्रेकला मिनरल ऑइल, स्रॅमच्या बहुतेक जुन्या ब्रेकना डॉट फ्लुइड. कुणी घाईत एकाच्या जागी दुसरं भरलं असेल तर आतली रबरी सीलं फुगून ब्रेक कायमचा गेला. बाहेरून तो नव्यासारखाच दिसतो.

कार्बनचं हँडल हा या बाजारातला सर्वांत अवघड माल. ॲल्युमिनियम वाकतं, चीर दाखवतं, निदान काही बोलतं. कार्बन वरून चकाचक राहून आतून फुटलेलं असू शकतं, आणि ते कळतं ते उतारावर, दोन्ही हात त्याच्यावर असताना. विकणारा ‘‘कधी पडलो नाही’’ म्हणेल. माउंटन बाइक चालवणारा कधी पडला नाही यावर विश्वास ठेवणं जरा कठीणच. या लेखाचं मत विचाराल तर जुनं कार्बन हँडल विकूही नये, घेऊही नये. त्याचा टॉवेल वाळत घालायला दांडा करावा.

फ्रेमबरोबर बिल द्यावं. पेडलच्या नळीखाली सायकल उलटी केल्यावर दिसणारा क्रमांक बिलावरच्या क्रमांकाशी जुळवून दाखवावा. चोरीच्या सायकलीही अशाच सुट्या होऊन विकल्या जातात, आणि सुटा झालेला डिरेलर आपण कुणाचा हे सांगत नाही. म्हणून नीट विकणारे लोक फोटोत अख्खी सायकल आधी दाखवतात, मग तिचे तुकडे.

०००

भावाचा ढोबळ रिवाज असा, की चांगल्या स्थितीतल्या भागाचं बोलणं नव्याच्या निम्म्या किमतीच्या आसपास सुरू होतं आणि मग कशाकशामुळे खाली येतं. पण मुळात नव्याची किंमत कुठली धरायची? आयात सायकलीवरची कस्टम ड्युटी २०२३ च्या अर्थसंकल्पात ३० वरून ३५ टक्के झाली. उलट २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकली आणि त्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. नवा भाग स्वस्त झाला की त्याच दिवशी गॅलरीतला जुनाही उतरतो, त्याला कुणी हात न लावता.

एकेकाळी भारतातल्या स्वारांचा आधार होता उत्तर आयर्लंडमधलं ‘चेन रिॲक्शन सायकल्स’ हे दुकान. १९८० च्या दशकात तिथल्या एका नवरा-बायकोने काढलेलं छोटं दुकान, पुढे इंटरनेटवर जगभर माल पाठवू लागलं. तिथली सेलमधली किंमत हाच पुण्या-मुंबईतल्या जुन्या मालाचा मापदंड असे. ‘‘तिकडे नवा एवढ्याला मिळतो’’ म्हटलं की विकणारा गप्प. मग २०२० ची टाळेबंदी आली. जिम बंद, मैदानं बंद; जगभर लोकांनी सायकली उचलल्या. कारखाने अडखळलेले, मागणी फुगलेली. साधी चेन, साधी कॅसेट मिळेना, काही भागांसाठी वर्षावर वाट बघायला सांगू लागले. त्या दीड-दोन वर्षांत जुन्या भागांना जो भाव आला तो ना आधी आला होता ना नंतर. पुढे कंपन्यांनी मागवलेला माल एकदम येऊन आदळला, लाट ओसरली होती, गोदामं भरली आणि नवाच माल कवडीमोलाने निघू लागला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘विगल’ ही ऑनलाइन विक्री कंपनी आणि तिच्यात विलीन झालेली ती ‘चेन रिॲक्शन’ प्रशासकाच्या हाती गेली.

जुन्याचाच धंदा करणारेही त्यात सापडले. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत निक मार्टिन या व्यावसायिक माउंटन बाइक स्वाराने २००६ मध्ये स्वतःचे आणि सोबतच्या स्वारांचे वापरलेले भाग ईबेवर विकायला सुरुवात केली. स्पर्धकांना दर हंगामात नवं सामान मिळतं, जुन्याचं कपाट भरतं. म्हणून नाव ‘द प्रोज क्लोजेट’. कपाटाची पुढे कंपनी झाली, तपासून हमी दिलेल्या जुन्या सायकलींसाठी ती प्रसिद्ध झाली, मोठं भांडवल आलं. २०२४ च्या अखेरीस ती बंद पडली. नवी सायकल निम्म्या किमतीत मिळत असताना हमी दिलेली जुनी कोण घेणार?

मापं न बदलण्याचं एक उदाहरण मात्र चटका लावणारं आहे. नवनवी मापं आणण्यात पुढे असलेल्या स्रॅम कंपनीचे एक संस्थापक एफ. के. डे आणि त्यांची पत्नी लीआ यांनी २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत सायकली देण्यापासून सुरुवात करून ‘वर्ल्ड बायसिकल रिलीफ’ ही संस्था उभी केली. झांबियासारख्या देशांत शाळकरी मुली, आरोग्य कार्यकर्त्या, दूधवाले यांच्यासाठी या संस्थेने ‘बफेलो’ नावाची सायकल बनवली. वजनाने रेड्यासारखी. तिचं वैशिष्ट्य काय, तर तिचे भाग वर्षानुवर्षं तेच राहतात, आणि दुरुस्त करणारा तिथल्याच गावात शिकवून तयार केला जातो. पत्र्याच्या डब्याची किंमत त्या घरात चांगलीच ठाऊक होती तर.

०००

आता गॅलरीत परत. आपल्या गृहीत सायकलीचं काय झालं ते बघू.

पेडल आणि सीट पहिल्या दोन दिवसांत गेले. नऊचा डिरेलर आणि शिफ्टर स्पितीला निघालेल्या कुणी नेले, चहा पिऊन आणि पुढची तीन चक्रं फुकटात मागून. ब्रेकचा उजवा लिव्हर एकाने नेला, डावा दुसऱ्याने. दोघांनाही अख्खा सेट नको होता. फोर्कसाठी पंधरा जणांनी नळीची लांबी विचारली, सोळाव्याला १७० चालली. चाकं बरेच दिवस पडून राहिली. शेवटी धाकट्या भावाच्या शाळकरी मुलाच्या जुन्या २६ इंची सायकलीला ती चढवली. हे दान की विक्री, यावर घरात एकमत नाही. सगळे पैसे जोडले तर अख्ख्या सायकलीला आलेल्या आकड्याच्या दुपटीला पोचले. त्यात चाळीस-पन्नास मेसेज, तीन फुकट फेऱ्या, बबल रॅप आणि कुरिअर धरलेलं नाही.

उरली फ्रेम. २६ इंची चाकांची, १३५ मि.मी. हबची, सरळ नळीची. तिला कुणी विचारलं नाही. दिवाळीच्या दोन दिवस आधी ती वजनावर भंगारात गेली.

आणि समजा, फेब्रुवारीत एका अनोळखी नंबरवरून फोन येतो. ‘‘दादा, तुमच्याकडे त्या मॉडेलची फ्रेम होती ना? तिचा हँगर आहे का?’’ हँगर म्हणजे मागचा डिरेलर ज्याला टांगतात तो ॲल्युमिनियमचा अंगठ्याएवढा तुकडा. सायकल आपटली की फ्रेम वाचावी म्हणून तो मुद्दाम मऊ करतात. मोडायला म्हणूनच असतो. आणि जवळजवळ प्रत्येक मॉडेलचा आकार निराळा. स्रॅमने २०१९ मध्ये सगळ्यांसाठी एकच आकार पुढे आणला, पण त्याआधीच्या फ्रेम आपापल्या तुकड्यावर अडून बसलेल्या. कंपनीने बनवणं थांबवलं, की तसा दुसरा मिळायची जागा एकच : तीच फ्रेम असलेल्या दुसऱ्या कुणाची अडगळ.

विकणारा ॲलन की खिशात घालून भंगारवाल्याकडे जातो. फ्रेम अजून आहे, खिडकीच्या जाळ्यांखाली आणि वॉशिंग मशिनच्या ड्रमखाली. तो वाकतो, बोल्ट सैल करतो, तुकडा तळहातावर येतो. वजन काट्यावर धरण्याइतकंही नाही. ‘‘हा एवढाच नेतो, काय द्यायचे?’’ भंगारवाला तुकड्याकडे बघतो, त्याच्या हातातल्या ॲलन कीकडे बघतो, दारात तशीच उभ्या केलेल्या स्कूटरकडे बघतो, आणि अख्ख्या फ्रेमला मोजले होते त्याच्यापेक्षा जास्त पैसे सांगतो.